साडूंची बेटं आणि आमचं सूप

क्रूझला जाणाऱ्यांना बोट लागते. क्रूझचे फोटो बघायला जाणाऱ्यांना घोडबंदर रोड लागतो. पहिल्या दुखण्यावर निदान गोळी मिळते.

माझे साडू ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला एकविसाव्या मजल्यावर राहतात आणि आम्ही नौपाड्यात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. उभा जन्म सरकारी ऑडिटमध्ये गेलेला, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांना काही दिसतच नाही. न्यू जर्सीला लेकीकडे गेले असताना जावयाने दोघांना मायामीहून कॅरिबियन बेटांच्या क्रूझवर पाठवलं. सात रात्री, तीन ऐतिहासिक बंदरं आणि क्रूझ कंपनीचं एक खासगी बेट. परत आल्या आल्या निरोप आला, "शनिवारी या. निवांत फोटो बघू. जेवूनच जा."

त्यातल्या 'निवांत'ची मला धास्ती होती. 'जेवूनच जा' म्हणाले म्हणून निघालो.

शनिवारी संध्याकाळी माजिवड्यापासून पुढे सगळ्या ठाण्याला घोडबंदरच्या दिशेनेच काम असतं. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा अशी बंदरं घेत आम्ही सरकत होतो. रिक्षावाला इंजिन बंद करून खाली उतरला, पाय मोकळे करून पुन्हा बसला. पोचलो तेव्हा भूक अशी लागली होती की लिफ्टमधला आरसाही खाल्ला असता.

"क्रूझवर आमची वजनं इतकी वाढली म्हणता," दार उघडता उघडता ताई म्हणाली, "की आता रात्री आमच्याकडे फक्त सूप. तुम्हालाही बरंच, हो ना भावजी?"

दुधीचं सूप होतं. वर मिरपूड.

फोन टीव्हीला जोडण्यात थोडा वेळ गेला. पहिला फोटो आला विजेच्या बिलाचा. "हा नाही," भाऊसाहेब म्हणाले. दुसरा बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा. "हा मेडिकलवाल्याला दाखवायला." तिसऱ्यापासून समुद्र सुरू झाला. मायामी ते सान हुआन या टप्प्यात दोन दिवस नुसतं पाणी असतं, आणि त्या पाण्याचे फोटो काढताना भाऊसाहेबांनी हात आखडता घेतला नव्हता. पाणी संपलं की बुफे. बुफे संपला की पुन्हा पाणी. चीजचा एक अख्खा डोंगर, कलिंगडात कोरलेला पक्षी, सतरा तऱ्हांचे केक, आणि या सगळ्याच्या मागे वाडगा हातात धरून हसणारी ताई. इकडे माझ्याही हातात वाडगा होता.

मग खोली आली. क्रूझवर बाल्कनीवाल्या खोल्या महाग, खिडकीवाल्या जरा कमी, आणि जिला खिडकीच नाही अशी आतली खोली सगळ्यात स्वस्त. जावयाने सासू-सासऱ्यांसाठी आतली घेतली होती. यावर बोलणं माझ्या अधिकारात बसत नाही. पण दिवा मालवला की तिथे दिवस-रात्र कळत नाही. एकदा ताई उठली, आंघोळ केली, टिकली लावली आणि सूर्याला नमस्कार करायला डेकवर गेली. रात्रीचे अडीच वाजले होते. तिथे एक माणूस एकटाच पिझ्झा खात बसला होता. त्याचाही फोटो होता.

जहाजावर जेवण तिकिटात असतं, इंटरनेट नसतं. त्याचे पैसे वेगळे, आणि ते द्यायला भाऊसाहेबांचा तात्त्विक विरोध. कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा पहाटेचा 'शुभ सकाळ'चा गुलाब दोन दिवस आला नाही तेव्हा डोंबिवलीच्या मामी रडवेल्या झाल्या होत्या. सान हुआन आलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पोर्तो रिको हा अमेरिकेचाच मुलूख, त्यामुळे जावयाने दिलेलं अमेरिकन सिम तिथे चालायला लागलं आणि साचलेले सगळे गुलाब एकदम आले. टिपचं दुःख वेगळंच. माणशी रोजची टिप आपोआप बिलात लागते, हे त्यांना शेवटच्या दिवशी समजलं. त्या बिलाचे फोटो मात्र अगदी स्पष्ट आले आहेत, दोन्ही बाजूंनी.

"हा सान हुआनचा किल्ला," भाऊसाहेब म्हणाले. पडद्यावर टोपी होती. टोपीखाली भाऊसाहेब, आणि त्यांच्या डाव्या कानामागे पिवळट दगडाचा एक तुकडा. पुढच्या फोटोत तोच तुकडा उजव्या कानामागे.

सूप संपलं होतं. जागं राहण्यासाठी मी फोन काढून गुपचूप वाचायला लागलो. हा एल मोरो. स्पॅनिशांनी १५३९ साली बांधायला घेतला आणि पुढची अडीचशे वर्षं वाढवत नेला. १५९५ साली इंग्रजांचा फ्रान्सिस ड्रेक चालून आला, त्याला या किल्ल्याच्या तोफांनी परत पाठवलं. भिंती काही ठिकाणी अठरा फूट जाड. मी हे मोठ्याने म्हटलं.

"असेल," भाऊसाहेब म्हणाले. "आम्ही आत नाही गेलो. जहाज सुटायच्या दोन तास आधी आम्ही जहाजावर. रिस्क नको."

ही त्यांची पद्धत तिन्ही बंदरांत होती. उशिरा आलेल्यांसाठी जहाज थांबत नाही हे खरं, पण या माणसाने तीस वर्षं ठाण्याहून फास्ट लोकल पकडली आहे. तर वरच्या डेकवरून त्यांनी धक्क्यावरून धावत येणाऱ्या लोकांचे फोटो काढले. हातात पिशव्या, एकाची चप्पल मागे राहिलेली. संपूर्ण संध्याकाळीत मला आवडलेले फोटो तेवढेच.

दुसरं बंदर शार्लट अमाली, सेंट थॉमस बेटावरचं. इथे नव्व्याण्णव पायऱ्यांचा एक प्रसिद्ध जिना आहे. डेन्मार्कहून जहाजांना वजन म्हणून भरून आणलेल्या विटा डॅनिश लोकांनी त्यात वापरल्या. ताई गुडघ्यामुळे खालीच बसली. भाऊसाहेब चढले आणि मोजत गेले. वर पोचून पुन्हा मोजत खाली आले. "एकशेतीन आहेत!" टीव्हीसमोरही त्यांचा आवाज चढला. मी तपासलं. खरंच एकशेतीन आहेत. ठाण्यातल्या कुठल्या बिल्डरने नव्व्याण्णव सांगून एकशेतीन दिल्याचं ऐकिवात नाही, पण भाऊसाहेबांना तो हिशेबातला घोळच वाटला.

या बेटांचा सौदा माझ्या मनात घर करून बसला. १९१७ साली डेन्मार्कने सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय अशी तीन बेटं अमेरिकेला अडीच कोटी डॉलरच्या सोन्याला विकली. आज घोडबंदरला अडीच कोटी रुपये घेऊन जा, तीन बेडरूम मिळाल्या तर नशीब, पार्किंग वेगळं. आणि अमेरिकेचं निशाण लागलं तरी तिथे गाड्या आजही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. एवढ्यावरच भाऊसाहेबांना ते बेट आपलं वाटलं.

"भावजी, तिथे तुम्ही गेला होतात का आम्ही?" ताईने विचारलं. मी फोन खिशात ठेवला. पण पुढे सेंट मार्टिन आलं आणि मला राहवेना.

हे जेमतेम सत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचं बेट. १६४८ च्या तहाने त्याचा उत्तर भाग फ्रेंचांना, दक्षिण भाग डचांना. वाटणी म्हणे दोन माणसांनी बेटाच्या काठाने विरुद्ध दिशांना चालत जाऊन केली. ही दंतकथा, पण आजही मधल्या सीमेवरून लोक न थांबता ये-जा करतात. ठाणे, मिरा-भाईंदर आणि मुंबईची उपनगरं हेही एकच बेट, साष्टी. तरी मुलुंडच्या नाक्यावर २०२४ पर्यंत आपण मोटारीचा टोल भरत होतो, एका बेटावरून त्याच बेटावर जायला.

"आपण बेटावर राहतो?" ताई.

"मग! तुमच्याच रस्त्याच्या टोकाला घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांचा. १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं ते याच बेटावर. पलीकडे वसई, चिमाजीअप्पा, १७३९."

"घोडबंदरला किल्ला आहे?" भाऊसाहेब म्हणाले. रोज त्या नावाचा रस्ता तुडवणारा माणूस खिडकीशी गेला. खाली अंधारात खाडी होती. तिच्या दर्शनाचे बिल्डरने त्यांच्याकडून वेगळे पैसे घेतलेले आहेत. घरी खाडी दिसणारी बाल्कनी आणि भर समुद्रात बिनखिडकीची खोली, हा हिशेब त्या ऑडिटरच्या डोळ्यांत क्षणभर चमकून गेला असं मला वाटलं. पण ते वळून म्हणाले, "आता विमानं बघा."

सेंट मार्टिनच्या माहो किनाऱ्यावर धावपट्टी वाळूला इतकी लागून आहे की उतरणारी विमानं पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून जातात. जगभरातून लोक ते बघायला येतात. भाऊसाहेबांनी विमान येण्यापूर्वीच्या आकाशाचे फोटो घेतले होते, भरपूर. विमान गेल्यानंतरच्या आकाशाचेही. मधल्या एकात अंगठा. ताईची ओढणी मात्र विमानाच्या वाऱ्याने उडाली, ती शेजारच्या माणसाने पकडून दिली, आणि तो त्यांच्याशी मराठीत बोलला. तो निघाला कल्याणचा. त्याच्यासोबतचे अकरा फोटो. तो त्याच जहाजावर होता आणि त्याला बाल्कनी होती, हे ताईने दोनदा सांगितलं.

खासगी बेट लवकर आटोपलं. तीच जहाजाची माणसं, तोच बुफे, फक्त खाली वाळू. मधे पुन्हा विजेचं बिल येऊन गेलं, या वेळी भरल्याच्या पावतीसकट.

एवढ्या सगळ्यात माझी बायको एक अक्षर बोलली नव्हती. सूप प्यायली, फोटो पाहिले, "छान" म्हणाली, ताईला मिठी मारली. मला वाटलं बिचारी थकली. परतताना मानपाड्याला गाडी अडकली तेव्हा तिने हिशेब मांडला.

"आतली खोली परवडेल आपल्याला?"

"परवडेल कदाचित. पण तुला अंधारात गुदमरतं ना?"

"चालेल मला. फक्त सात रात्रींची नको. चौदांची घेऊ." तिने पर्समधून चिवड्याची पुडी काढली, एक घास मला दिला. "आणि परत आलो की ताई-जिजाजींना बोलवायचं. सूप मी करीन."