अल फाशिर हे नाव आपल्याला ठाऊक असायला हवे

१५ एप्रिल २०२३ रोजी खार्तुममध्ये सुदानचे लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. लष्कराचे प्रमुख जनरल बुऱ्हान आणि या निमलष्करी दलाचे प्रमुख हेमेदती या दोघांनी २०२१ मध्ये मिळून सत्ता बळकावली होती. पुढे त्यांचे आपसांत फाटले आणि एक कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली. आपल्याकडे या युद्धाची ठळक चर्चा झाली ती तिथल्या भारतीयांना परत आणणाऱ्या 'ऑपरेशन कावेरी'पुरती. आपली माणसे सुखरूप परतली आणि विषय मागे पडला.

नौपाड्यातल्या कट्ट्यांवर आणि घोडबंदरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गाझा आणि युक्रेनविषयी तावातावाने बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. पण अल फाशिरचे नाव तिथे माझ्या कानावर आलेले नाही.

पश्चिम सुदानातल्या दार्फुर प्रांतातल्या या शहराला मे २०२४ पासून 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस'चा वेढा पडला होता. सुरक्षा परिषदेने जून २०२४ मध्ये ठराव करून तो उठवायला सांगितले, तरी तो उठला नाही. जवळच्याच, विस्थापितांच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. पुढे शहरातही अन्न संपत गेले आणि शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरणारी, गुरांना घालायची पेंड माणसे खाऊ लागली. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर त्या दलाच्या हाती पडले आणि कत्तल सुरू झाली. प्रसूतिगृहातले रुग्णही त्यातून सुटले नाहीत. बाहेरच्या पत्रकारांना तिथे पोचता येत नव्हते, फोन बंद होते. जमिनीवरचे रक्ताचे डाग येल विद्यापीठाच्या संशोधकांना उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले.

ठाण्यात बसून हे जाणून घेतल्याने काय होणार, असे विचारले जाते. त्याच महिन्यात, शहर पडण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जंजवीद या सशस्त्र टोळ्यांचा म्होरक्या अली कुशैब याला दार्फुरमधल्या २००३-०४ च्या अत्याचारांसाठी दोषी ठरवले. वीस वर्षांनंतर हे घडू शकले, कारण जगले-वाचलेले लोक न्यायालयापुढे उभे राहिले आणि त्यांचे ऐकून, टिपून ठेवणारे कोणी होते. याच जंजवीदांतून आजचे 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' उभे राहिले, हे लक्षात घेतले म्हणजे मधल्या काळात जगाने नजर वळवल्याची किंमत कळते.

आणि सुदान आपल्याला परका नाही. १९५३ मध्ये तिथली पहिली निवडणूक आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली 'सुदान ब्लॉक' ही मुख्य इमारत, दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेल्या देणगीतून उभी राहिली. आपल्या मृतांची आठवण त्यांनी अशी ठेवली.

ठाण्यात दर जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला भरते. पुढच्या वर्षी तिथे एक संध्याकाळ सुदानला द्यावी, अशी माझी आयोजकांना मनःपूर्वक विनंती आहे. स्वतः उपाशी राहून वस्त्यावस्त्यांत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवणाऱ्या तिथल्या तरुण स्वयंसेवकांविषयी त्या व्याख्यानात सविस्तर बोलले जावे. ज्यांना हे पटते त्यांनी आयोजकांना तसे जरूर कळवावे.