अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे

काल रात्री वर्षअखेरच्या उपासनेहून घरी पोहोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. नागपूरच्या सदर भागातून ऑटो मिळायला वेळ लागला, आणि यांना ऑटोत चढवायचं-उतरवायचं म्हणजे अजूनही आम्हा मायलेकींचा घाम निघतो, थंडी कितीही असो. झोप येईना म्हणून लिहायला बसले. लांबेल. पण वर्षभर साठलेलं आहे, आणि मंडळीतल्या माझ्या बहीणभावांनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांना थोडं सांगते. आमच्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना असते. गीतं, साक्षी, संदेश. बाराला पाच मिनिटं असताना सगळे गुडघे टेकतात आणि जुनं वर्ष प्रार्थनेतच सरतं. मग घंटा, गळाभेटी, आणि आमच्या मंडळीत त्यानंतर एक टोपली फिरते. टोपलीत बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या. ज्याच्या हाती जी येईल ते त्याचं वर्षाचं वचन. कुणी फ्रिजवर चिकटवतं, कुणी आरशाच्या कडेला खोचतं. त्या चिठ्ठ्या लिहायचं काम नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे, अक्षर बरं आहे म्हणून.

मागच्या वर्षी मला यिर्मया २९:११ आलं, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, तुम्हाला आशा देणारे आहेत, अशा अर्थाचं ते वचन. दर वर्षी सगळ्यात जास्त चिठ्ठ्या मी याच वचनाच्या लिहायचे, कारण ते सगळ्यांना हवं असतं. चिठ्ठीवर माझंच अक्षर होतं.

मार्चमध्ये यांना लकवा मारला. वय ४९. शाळेची मुलं घरोघर सोडून आले, व्हॅन अंगणात लावली, चावी काढायला गेले आणि उजवा हात तिथेच गळला. (मुलं गाडीत असताना हे झालं नाही, यासाठी मी आजही रोज देवाचे आभार मानते.) एकोणीस दिवस दवाखान्यात काढले. मेमध्ये व्हॅन विकली. मी विनाअनुदानित शाळेत शिकवते, पगार किती आणि केव्हा होतो हे अशा शाळेत काम करणाऱ्यांना सांगायला नको. मुलगी बारावीला. व्यायाम करून घेणारे भाऊ घरी येतात, त्यांचे एका वेळचे चारशे रुपये.

चिठ्ठी फ्रिजवर होतीच. एप्रिलमध्ये एका रात्री मी ती काढली आणि पिठाच्या डब्याखाली सारली. फाडायची हिंमत झाली नाही, समोर ठेवायचीही झाली नाही.

त्या दिवसांत भेटायला खूप लोक आले. बहुतेकांनी डबे आणले, पैसे दिले, दवाखान्यात रात्री जागून काढल्या. ते ऋण मी जन्मभर विसरणार नाही. पण काही जण म्हणाले, "ताई, घरात काही कबूल करायचं राहून गेलंय का, तपासून पाहा." एकाने तर यांच्यासमोरच, यांना ऐकू जाईल असं, विश्वास कमी पडल्याचं सांगितलं. बोलता येत नसलेल्या माणसासमोर. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. तोंड उघडलं आणि बिघडलं. आजाऱ्याला भेटायला जाण्याआधी आपण सगळ्यांनी तो अध्याय वाचून जावा.

जुलैत एका रात्री हे झोपल्यावर मी बायबल काढलं. भक्तीसाठी नाही, भांडायला. देवाला त्याचंच वचन दाखवून विचारायचं होतं की हे हित का? पान उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा अकराव्याच्या आधीचं दहावं वाचलं.

दहाव्यात लिहिलंय की बाबेलमध्ये, म्हणजे बॅबिलोनमध्ये, सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे येईन.

सत्तर वर्षं! ज्या वचनाच्या मी एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या ते एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र घरदार सुटलेल्या माणसांना लिहिलेलं आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेमातून राजाला, सरदारांना, सुतार-लोहारांनासुद्धा धरून नेलं, त्यांना. ज्याचं वय तेव्हा चाळीस होतं तो सत्तर वर्षांनी एकशे दहाचा होणार. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना गाव पुन्हा दिसणारच नव्हतं. आणि त्यांनाच देव म्हणतो, माझे संकल्प हिताचे आहेत.

याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. दोन वर्षांत सगळं परत येईल, असं त्याने मंदिरात सर्वांसमोर सांगितलं आणि बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं जू काढून मोडून टाकलं. लोकांना कोण आवडला असेल? मलासुद्धा हनन्याच आवडला असता. मार्चपासून मी हनन्यालाच शोधत होते. मोबाइलवर रात्र रात्र प्रचारकांचे संदेश ऐकायचे. हे तुमच्या सुटकेचं वर्ष, ही तुमच्या चमत्काराची घडी, 'आमेन' लिहा. मी लिहिलं. खूप वेळा लिहिलं. आता मला स्पष्ट म्हणायचं आहे की दुखण्याने पिचलेल्या घरांना नव्या वर्षी अशा तारखा देणं चुकीचं आहे. तारीख चुकते, प्रचारक पुढच्या सभेला निघून जातो, आणि घरातलं माणूस समजतं की आपलाच विश्वास खोटा होता.

देवाने त्या लोकांना सत्तर वर्षं करायला काय सांगितलं? पाचव्या वचनापासून वाचा. घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे मी त्या रात्री तीनदा वाचलं. रडू आलं, पण ते आधीच्या महिन्यांतलं रडू नव्हतं.

आणि हे लिहिणारा यिर्मया काही सुखात नव्हता. त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिलाय. त्याला चिखलाच्या विहिरीत सोडलं होतं. शहराला वेढा पडलेला, हा स्वतः कैदेत, तेव्हा त्याने चुलत भावाकडून अनाथोथचं शेत सतरा शेकेल (तेव्हाचं वजन) रुपे तोलून विकत घेतलं. शत्रू दाराशी असताना शेत! साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावलं. मला विश्वास म्हणजे आता ते मडकं दिसतं. पोटात गोळा असतानाही माणसाने खत नीट जपून ठेवायचं.

आपल्या नागपुरातही असं झालंय. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, शाळा काढली, अठरा वर्षं राबले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्या नावाचं कॉलेज सुरू झालं १८८३ मध्ये, वीस वर्षांनी. मी त्याच कॉलेजात शिकले, रोज त्या फाटकातून आत गेले, आणि हा हिशेब कधी केला नव्हता.

ऑगस्टमध्ये काटोलच्या मामांना फोन केला आणि संत्र्याचं एक कलम मागितलं. मामा म्हणाले, "चार-पाच वर्सं लागतीन फळ धराले, माहीत आहे नं बाई?" म्हटलं, माहीत आहे. व्हॅन उभी राहायची ती अंगणातली जागा रिकामीच होती. खड्डा मी आणि मुलीने खणला. माती यांनी लोटली, डाव्या हाताने, खुर्चीवर बसून. तोवर पाच महिने हे चर्चला आले नव्हते, प्रार्थनेला बसले की तोंड फिरवायचे. मी कधी जबरदस्ती केली नाही. त्या दिवशी माती लोटून झाल्यावर म्हणाले, "पाणी." मला वाटलं तहान लागली. त्यांना झाडासाठी हवं होतं.

आता या दिवसांत संत्र्याच्या बागांना ताण देतात, पाणी तोडतात, म्हणजे आंबिया बहार, म्हणजे या हंगामातला फुलोरा, चांगला फुटतो. नाताळात एका पाहुण्यांनी मला हाच दाखला दिला, देवाने तुम्हाला ताण दिलाय म्हणून. प्रेमाने बोलले, पण मला ते पटत नाही. माझ्या नवऱ्याचा हात देवाने बहारासाठी सुकवला असं मी म्हणणार नाही. तो का सुकला ते मला कळलेलं नाही. मामा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "ताण लई झाला तं झाडच जाते. म्या रोज जाऊन पानं पायतो." मला ते रोज जाऊन पाहणं तेवढं घ्यायचं आहे.

या वर्षी चिठ्ठ्या लिहायला बसले तेव्हा पाळकसाहेबांना विचारलं, टोपलीत विलापाची वचनं घालू का? थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, घाला. अकरावं वचन मी लिहिलंच, पण प्रत्येक चिठ्ठीवर दहाव्यासकट. तेराव्या स्तोत्रातलं "हे परमेश्वरा, कोठवर?" लिहिलं. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं रोज सकाळी नव्या होणाऱ्या करुणेचं वचन लिहिलं, आणि त्याच्याबरोबर त्याच अध्यायातलं, मी हाक मारतो तरी तो माझी प्रार्थना आत येऊ देत नाही, हेही. ही दोन्ही वचनं एकाच माणसाच्या तोंडची आहेत. मग आपण एकच का वाटतो?

टोपली फिरली तेव्हा माझं लक्ष सगळं हातांकडे. मागच्या बाकावर एक आजी असतात, दिवाळीच्या आधी त्यांचा मुलगा गेला. त्यांना "कोठवर?" आलं. चष्मा नव्हता म्हणून माझ्या मुलीने वाचून दाखवलं. आजींनी पुन्हा वाचायला लावलं. मग चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाल्या, "हे तं मी रोजच म्हणते. पुस्तकात हाये काय?"

यांना काय आलं ते मी विचारलं नाही. चिठ्ठी डाव्या मुठीत होती, घरी येईपर्यंत तशीच. आता उजाडत आलंय. थोड्या वेळात हे उठतील आणि मग्गा घेऊन अंगणात जातील. जायला दहा पावलं आहेत, यांना सात-आठ मिनिटं लागतात. कलमाला परवा एक नवीन फूट आलेली दिसली.