सर, तटस्थ म्हणजे काय?

गेल्या आठवड्यात शाळेत एक मॅडम आल्या होत्या. पीएच.डी. चालू आहे. विषय ‘माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी भाषेविषयीच्या अभिवृत्तीचा अभ्यास’, असा काहीतरी; थोडक्यात, मुलांना इंग्रजीबद्दल काय वाटतं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्या थेट नववी ‘ब’मध्ये आल्या, माझ्या तासाला. चाळीस विधानं आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. (ही पट्टी लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. आपल्याकडच्या कितीतरी एम.एड्.वाल्यांचा संसार तिच्यावरच चाललाय.)

पाचेक मिनिटांत मधल्या बाकावरून आवाज आला, “सर, तटस्थ म्हणजे काय?” मॅडम म्हणाल्या, “म्हणजे मधलं.” झालं! पुढची दहा मिनिटं निम्मा वर्ग मधल्या चौकोनात बरोबरची खूण करत होता. एकाने विचारलं, “याचे मार्क धरणार का?” नाही म्हटल्यावर वेग आणखी वाढला.

कागद गोळा करताना एका मुलीच्या कागदावर नजर गेली. ‘इंग्रजीच्या तासाची मी आतुरतेने वाट पाहते’: पूर्णतः सहमत. खाली कुठेतरी ‘इंग्रजीचा तास मला कंटाळवाणा वाटतो’: तेही पूर्णतः सहमत. पोरगी थट्टा करणाऱ्यातली नाही. मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेऊन पहिलं वाक्य वाचायला सांगितलं. ‘आतु... आतुर...’ इथे थांबली आणि माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. वाक्य मराठीतलं होतं.

यात धक्का बसण्यासारखं काही नाही. ‘असर’ म्हणजे ‘प्रथम’ संस्थेचं मुलांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण. त्याचा २०२३चा अहवाल १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींवर होता. त्यातली साधारण चौथाई मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सलग वाचू शकत नव्हती. ‘असर’च्या मर्यादा आहेतच, त्यावर वाद घालणारेही आहेत. पण तिथे सर्वेक्षक मुलाशेजारी बसतो, हातात एक कागद देतो आणि म्हणतो, वाच. ज्याला वाचता येत नाही त्याचं वाचता न येणं तिथे दिसतं. आमच्या प्रश्नावलीत तोच मुलगा ‘तटस्थ’ होतो, त्याची सरासरी निघते, टी-मूल्य निघतं आणि ०.०५ स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग होतो, म्हणजे ‘दिसलेला फरक निव्वळ योगायोग नाही’ असं संख्याशास्त्राच्या भाषेत जाहीर होतं.

मी हे कोणत्या तोंडाने बोलतोय? माझा एम.एड्.चा लघुप्रबंध असाच आहे. दोन शाळा, लॉटरी पद्धतीने नमुना, दोन दिवसांत माहिती संकलन. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. ‘शिफारशी’ हे प्रकरण मी एका रात्रीत लिहिलं. त्यातली पहिली शिफारस ‘शिक्षकांनी अध्यापनात विविध शैक्षणिक साधनांचा वापर करावा’ ही होती. ती वाचून एकाही शिक्षकाने काही केल्याचं ऐकिवात नाही. मीही नाही.

पण वेगळं करता येतं, आणि आपल्याच राज्यात झालंय. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठीसाठी आणि कर्नाटकात यादगीरला कन्नडसाठी भाषाशिक्षणाच्या अभ्यासक शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं वाचायला-लिहायला कशी शिकतात याचा अभ्यास केला. अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१७मध्ये त्याचा अहवाल काढला. त्याच मुलांच्या मागे तीन वर्षं, पहिलीपासून तिसरीपर्यंत. वर्गात बसून पाहिलं, शिक्षकांशी बोलले, पाठ्यपुस्तकं तपासली. आढळलं काय? वेळ जातो अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात, अर्थाशी गाठ क्वचितच पडते, आणि तिसरी संपली तरी बऱ्याच मुलांना नीट वाचता येत नाही. माझी नववीतली ‘आतुर’वाली मुलगी मला तिथे दिसते, सहा वर्षांनी लहान.

तीन वर्षं एका तालुक्यात कोण बसणार, हा प्रश्न मला कळतो. मॅडम स्वतः विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. गाईड म्हणतात नमुना चारशेचा हवा, दिवाळीपर्यंत प्रकरण चौथं द्या. त्यांना वाड्याला पाठवायचं तर घर कोण चालवणार? म्हणून राग त्यांच्यावर नाही. पण चारशेऐवजी चार मुलं घेतली आणि त्यांना वर्षभर वाचताना ऐकलं, तर विद्यापीठ तो प्रबंध स्वीकारेल का, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “सर, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर झालाय आता.”

मग त्यांनी पिशवीतून प्रमाणपत्राचा नमुना काढला. ‘वरील संशोधिकेने आमच्या शाळेत माहिती संकलन केले असून...’ वर्गशिक्षक म्हणून मी सही केली. शिक्का ऑफिसात होता, तोही आणून दिला.