‘कुणाकडे शिकलीस?’ या प्रश्नाला मी सहा वर्षं चुकीचं उत्तर देत होते

मिरजेत राहून गाणं करायचं म्हटलं की एक प्रश्न चुकत नाही. किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, दर्ग्याच्या उरुसातल्या संगीतसभेला शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांकडून, कुठेही. “कुणाकडे शिकलीस?” ज्या गावात किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथे सतारी-तानपुरे बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे, तिथे हा प्रश्न कुणी खवचटपणे विचारत नाही. आडनाव विचारावं तसा विचारतात.

सहा वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. “कुणाकडेच नाही. घरीच, माझं मीच.” आणि हे सांगताना मला अभिमान वाटायचा. दिवसभर शाळेत गणित शिकवायचं आणि रात्री घरचे झोपले की वरच्या खोलीत जाऊन बसायचं. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगही माझंच. अशी सतरा गाणी केली. ती थोड्या लोकांनी ऐकली, पण ज्यांनी ऐकली त्यांनी मनापासून ऐकली.

आता मी ते उत्तर मागे घेते आहे. मी शिकले होते, आणि बऱ्याच जणांकडे शिकले होते. त्यांना मी गुरू म्हणून ओळखलंच नाही, त्यामुळे त्यांना कधी उलटून काही विचारलंही नाही.

हे लक्षात आलं दिवाळीच्या सुट्टीत. जुना लॅपटॉप कुरकुरायला लागला होता म्हणून सगळ्या गाण्यांच्या मूळ फाइल्स एकेक उघडून दुसऱ्या डिस्कवर घेत होते. मी रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरते. घरी काम करणाऱ्यांसाठी त्याचं लायसन्स 60 डॉलरला मिळतं आणि माझ्यासारखीला ते आयुष्यभर पुरेल. तर फाइल्स उघडताना वरच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा दिसत होता. 120. पुढची फाइल, 120. त्याच्या पुढची, 120. सतरापैकी बारा गाणी मिनिटाला 120 ठोक्यांची आणि सतराच्या सतरा चार-चारच्या तालात. काकू गेली तेव्हा लिहिलेलं गाणं आणि भाचीच्या बारशाला केलेलं गाणं, दोन्हींचा वेग एकच.

मी हा वेग कधी निवडलाच नव्हता. नवी फाइल उघडली की तो तिथे असतोच, बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची टकटक सुरू करायची आणि त्यावर गुणगुणायचं, ही माझी सवय. म्हणजे गाणं सुचायच्या आधी त्याची गती कुणीतरी ठरवून ठेवलेली असायची. मग ओळ त्या ठोक्यांच्या चौकटीत बसेना की मी काय करायचे? शेवटी एक ‘गं’ घालायचे, एक ‘रे’ घालायचे, चांगला शब्द काढून आखूड शब्द आणायचे. माझं लहानपण भजनी मंडळाच्या मृदंगापाशी गेलं. दादरा, धुमाळी, भजनी ठेका हे मला न शिकवता कळतात. तरी सहा वर्षांत दादऱ्यासारखं सहा मात्रांचं एकही गाणं माझ्या हातून झालं नाही. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

आणि मग मी बाकीचे गुरू शोधायला लागले.

एक तर खोलीच होती. माझी खोली 10 बाय 10, उंचीही तेवढीच. ध्वनीसाठी याहून वाईट आकार सापडणं कठीण. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असलं की 56-57 हर्ट्झचा खर्ज त्या भिंतींमध्ये अडकून घुमतो, मग त्याच्या दुपटीचा, तिपटीचा. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असली की तिन्ही बाजूंनी तेच तेच स्वर फुगतात आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त फुगतात. माझं टेबल कोपऱ्यातच होतं. मला वाटायचं गाण्यात खालचा आवाज फार झालाय, म्हणून मी तो कापायचे. मग बहिणीच्या गाडीत ऐकलं की गाणं कागदासारखं पातळ. भिंतींना आजीच्या गोधड्या टांगल्या होत्या, पण गोधडीने ‘स’, ‘श’ची किणकिण मरते, खर्जाला ती काही करत नाही. त्याला रॉकवूलचा, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचा, फूटभर जाडीचा थर लागतो. मी एवढंच केलं की टेबल एका भिंतीच्या मध्यावर आणलं आणि ओळखीची गाणी त्याच स्पीकरवर पुन्हा पुन्हा ऐकून ही खोली कुठे वाढवून सांगते ते वहीत लिहून ठेवलं. निम्मं काम तेवढ्यानेच झालं.

पण ज्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं, आणि चुकीचं शिकवलं, तो गुरू म्हणजे सॉफ्टवेअरमधलं स्वर सुधारणारं यंत्र. हे सविस्तर सांगते, कारण घरी एकट्याने गाणाऱ्या प्रत्येकाला यातून जावं लागतं.

माझा तानपुरा काळी चार पट्टीचा, इथल्याच गल्लीतून घेतलेला. (2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले असतील तर मला माहीत नाही, आमच्या घरी मात्र वाटले.) चांगली जवारी लागलेल्या, म्हणजे घोडी नीट घासून तारांना गुंजन आणलेल्या, तानपुऱ्यावर खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार, म्हणजे सारेगमतला ‘ग’, ऐकू येतो. तो कुणी लावलेला नसतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीवर तो आपोआप असतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तानपुऱ्याशेजारी बसून गाणारा माणूस नकळत त्याच गंधाराला जाऊन मिळतो.

गेल्या वर्षी एका गाण्याचं माझं सर्वांत चांगलं गायन रेकॉर्ड झालं होतं. सॉफ्टवेअरमध्ये स्वर तपासायची पट्टी असते, त्यावर पाहिलं तर माझा प्रत्येक गंधार रेषेच्या खाली. प्रत्येक. मला वाटलं, मी बेसूर आहे. यंत्र चालू केलं, सगळे गंधार उचलून रेषेवर बसवले आणि गाणं प्रसिद्ध केलं. दोन दिवसांनी एका वयस्कर श्रोत्यांचा निरोप आला, “तानपुरा जरा उतरला होता का?” मी निमूटपणे तानपुरा उचलला आणि गल्लीत नेला.

तिथल्या काकांनी तारा छेडल्या, डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. म्हणाले, “बरोबर हाय ताई. तुमी गावा बघू.” मी गायले. गंधार तारेतल्या गंधारात असा मिसळला की माझा आवाज कुठे संपतो ते मलाच कळेना.

घरी येऊन गणित मांडलं. तारेतला पाचपटीचा गंधार दोन सप्तकं खाली आणला की षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, पाच-चतुर्थांश पटीवर. यंत्राचा गंधार सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून चौथ्यावर. एका अर्ध्या स्वराचे 100 भाग मानले तर या दोघांत जवळजवळ 14 भागांचा फरक पडतो आणि यंत्राचा वर असतो. मी बेसूर नव्हते. मी तानपुऱ्याशी सुरात होते आणि यंत्राने मला तिथून ओढून काढलं. गाण्यात मागे खरा गंधार आणि पुढे उचललेला गंधार, दोघं एकमेकांना घासत होते. त्या आजोबांच्या कानाने ते अचूक पकडलं. फक्त दोष त्यांनी तानपुऱ्याला दिला आणि मी त्याआधीच तो स्वतःला देऊन मोकळी झाले होते.

यंत्रावर माझा राग नाही. असं स्वर सुधारणारं ऑटो-ट्यून 1997 मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाचे साठे शोधण्यासाठी जमिनीतल्या लहरींचं विश्लेषण करायचे. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं आणि हे काम फार बुद्धीचं आहे. गिटारवर गायचं असेल तर गिटारचे पडदेच बारा सारख्या भागांचे असतात, तिथे यंत्राचाच गंधार चालतो. पण गाणं गिटारचं आहे की तानपुऱ्याचं, हे मला कुणी विचारलं नाही. आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं? यंत्राचा वेग वाढवला की मींड म्हणजे जिन्याच्या पायऱ्या होतात. आपल्याकडे हा वाद जुना आहे. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीसेक वर्षं चालली, आणि पेटीतले स्वर ठरलेले, तिच्यात मींड नाही, हे आक्षेप त्यात होते. बंदी मला पटत नाही. पण तेव्हा निदान लोक भांडले, बाजू मांडल्या. मी रात्री दोन वाजता एका बटणावर टिचकी मारून तोच निर्णय घेतला आणि निर्णय घेतला हेही मला कळलं नाही.

म्हणून मला राग येतो तो ‘आता कुणाचीच गरज नाही, एक लॅपटॉप बस्स’ या बोलण्याचा. माझ्या शाळेतली दोन-तीन मुलं विचारतात, “मॅडम, कुठला माईक घेऊ?” मी सांगते, फोनवर कर, पण आधी टकटक बंद कर आणि नुसतं गा. मग मोज, तुझा वेग किती आहे. त्यांना हे उत्तर आवडत नाही हे चेहऱ्यावर दिसतं. त्यांना पैशांबद्दलही विचारायचं असतं. त्याचं उत्तर छोटं आहे. स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं वर्षभरात 1000 वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा एक पैसाही मिळत नाही. माझ्या सतरापैकी दोन गाणी तिथवर पोचली. हा नियम मला अन्यायाचा वाटतो आणि मी तसं प्रत्येक ठिकाणी सांगते.

दिवाळीनंतर मी एकच गाणं हातात घेतलं आहे. आजी 84 वर्षांची, जत तालुक्यातल्या गावी असते. तिच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या, बहिणीनं भावाची वाट बघायच्या. त्या रीपरमध्ये घेतल्या आणि सवयीने चौकटीला चिकटवल्या. श्वासाची जागा गेली. आजी ओळीच्या मध्येच थांबते, पुढचा शब्द लवकर घेते, शेवटचा स्वर संपेल तेव्हा संपतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वाचायला, कितीतरी ऐकायलाही मिळतात. मी रात्र रात्र ऐकल्या. पहाटे अंधारात दळताना, एकटीने किंवा जावेला समोर बसवून, कुणी ऐकावं म्हणून नव्हे, बायका स्वतः रचून गात होत्या. माझ्या खोलीतलं काम मला त्यांच्याच घरातलं वाटतं. पण त्यांचा वेग हाताच्या फेऱ्यातून यायचा. दाणे जास्त पडले की जड, पीठ मोकळं झालं की हलका.

मग मी चौकट बंद केली. आजीचा आवाज जसा आहे तसा ठेवला आणि तिच्या मागे तानपुरा, तिच्या मागे माझा गळा. आधी ती, मग मी. एका ओवीला मला एकवीस रात्री लागल्या, कारण ती कधी श्वास घेणार हे मला पाठ करावं लागलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी मागे बसून गात होते.

मागच्या रविवारी गावी जाऊन तिच्या कानाला हेडफोन लावला. तिने पूर्ण ऐकलं. डोळ्यांना पदर लावला, मग हेडफोन काढून म्हणाली, “गानं चांगलं झालंय. पर आगं, ह्यात जातं कुटं हाय?”

जातं परड्यात आहे, तुळशीशेजारी, वरच्या पाळीवर कुंडी ठेवलेली. आम्ही कुंडी उतरवली, धुतलं, खुंटा ठोकून बसवला आणि मूठभर शाळू घालून फिरवलं. दगड नुसता दगडावर सरकतो, दाणा फुटतच नाही. आजी म्हणते टाकी लावायला हवी, म्हणजे छिन्नीने ठोकून दगड पुन्हा खरखरीत करायला हवा, आणि टाकी लावणारा पाथरवट त्या बाजूला आता कुणी उरला नाही. सांगली, जत, कवठेमहांकाळ, मंगळवेढा, कुठल्याही भागात जात्याला टाकी लावून देणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर खाली नक्की कळवा. मी येऊन घेऊन जाईन आणि परत पोचवीन. माईक, तारा, सगळं तयार आहे.