तेलाचं भांडण आणि सोप्यातला धूर

आईला दोन स्टेंट बसले त्याला सव्वा महिना झाला, आणि घरच्या ग्रुपवर अजून तेलाचंच भांडण चालू आहे. दादाचं म्हणणं, घाण्याचं शेंगतेल सोडून रिफाइंड आणलं तिथंच चुकलं. आत्यांना वाटतं, तांबड्या रश्श्यावरचा कट बाधला. भाचा तुपाची बाजू घेणारे व्हिडिओ पाठवतो. रात्री कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून आले की मी इथं ग्लासगोत हे सगळं वाचते आणि माझं डोकं तापतं. एवढ्या मेसेजमध्ये आबांची सिगारेट कुठंच नाही.

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. सोप्याला, म्हणजे बाहेरच्या खोलीला, एकच खिडकी, तीही डासांमुळं तिन्हीसांजेला बंद. दुकान वाढवून आले की आबा टीव्हीसमोर बसतात आणि आई शेजारी भाजी निवडत बसते. एकेचाळीस वर्षं हे असंच चाललंय. आईनं कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. आबांचे रिपोर्ट चांगले आहेत, त्यामुळं घरात सगळ्यांचा एकच हिशेब: ओढणाऱ्याला काही नाही, मग शेजारी बसणारीला कसं होईल?

होतं. स्वतः न ओढणाऱ्या माणसाला घरात किंवा कामाच्या जागी दुसऱ्याचा धूर रोज मिळत असेल, तर हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य सल्लागाराच्या, 2006 च्या अहवालात हे स्पष्ट लिहिलंय. धुरात अर्धा तास बसलं तरी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचं काम बिघडतं, रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पेशी चिकट होतात. आणि दादा, तुझं तेल इथंच येतं. त्या दुखावलेल्या अस्तरात एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, सहज शिरतं आणि साचतं. म्हणजे ताटातली चरबी आणि सोप्यातला धूर एकाच नळीत एकमेकांना मदत करतात.

तेलाला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटनं हृदयाचं नुकसान होतं. म्हणूनच भारतात 2022 पासून तेला-तुपात त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत ठेवायची सक्ती झाली. पण शेंगतेल घाण्याचं असो की रिफाइंड, त्यातली स्निग्धाम्लं जवळपास तीच असतात. त्या फरकावर महिनाभर वाद घालण्यासारखं काही नाही.

इथं स्कॉटलंडमध्ये 26 मार्च 2006 ला बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद झालं. आधीचे दहा महिने आणि नंतरच्या वर्षातले तेच दहा महिने घेऊन नऊ हॉस्पिटलांतले हृदयाचे तातडीचे रुग्ण मोजले, तर ते 17 टक्क्यांनी कमी झाले होते. कधीच न ओढणाऱ्यांत तर 21 टक्क्यांनी. लोकांचं खाणं तेच होतं, पावातले रोल तेच, तळलेले मासे आणि चिप्सचं फिश सपर तेच. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दादाचं उत्तर आलं, "तुमच्या ग्लासगोत कमी हार्ट अटॅक येतात काय? आमच्या दूधकट्ट्याला नावं ठेवू नको." गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाबद्दल मी एक अक्षर काढलं नव्हतं. ते दूध पिऊनच मी वाढले. आणि ग्लासगोची बाजू घेऊन मी आपल्याच भावाशी का भांडतेय, हे मलाही कळेना.

कायदा आपल्याकडंही आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड होतो. पण तो आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. आत बोलायचं ते आम्हीच.

आणि मी बोलले नाही. लहानपणी कोपऱ्यावरच्या पानपट्टीतून आबांचं पाकीट मीच आणायची आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांच्या चिंचगोळ्या घ्यायची. पहिल्या पगारातून आबांसाठी काचेचा ॲशट्रे नेला, तो अजून सोप्यातल्या टीपॉयवर आहे. इथं खालच्या मजल्यावरचा माणूस क्लोजमध्ये, म्हणजे इमारतीच्या सामाईक जिन्यात, ओढायचा, त्याला मी तोंडावर सांगितलं आणि तो बाहेर जायला लागला. पण गेल्या दिवाळीत सोप्यात माझा मुलगा खोकत होता, आबांनी दुसरी पेटवली, आणि मी उठून नुसती खिडकी उघडली. चार दिवसांसाठी आलेल्या लेकीनं आबांना शिकवायचं, हे मला जमलं नाही. ते घर अजून माझं असतं तर मी बोलले असते, असं तेव्हापासून वाटतं.

रविवारी शेवटी फोनवर म्हटलं, "आबा, तेवढी सिगारेट दारातल्या कट्ट्यावर बसून ओढत जावा. आईसाठी." आबा गप्प झाले. मग म्हणाले, "तिकडं थंडी किती हाय?" तीन अंश, मी सांगितलं. फोन आईकडं गेला. आई म्हणाली, "अगं, गुडघं दुखत्यात त्यांचं. सारखं उठून कुठं जातील? तू लांब हाईस, तुला बोलायला सोपं."

दादा, मी लांब आहे हे खरं. तेल तुला पटेल ते आण, मी आता त्यावर लिहिणार नाही. माडीवरची वेताची खुर्ची खाली आणून कट्ट्यावर ठेव, वर पत्रा आहेच, पावसाचं काही नाही. टीव्ही दाराकडं वळव, म्हणजे आबांना बाहेरून दिसेल. दर रविवारी मी फोन करून विचारीन, आबा कुठं बसलेत.