ख्रिस्त्यांना स्वर्ग फुकट, मुसलमानांना हिशेबानं? एका फॉरवर्डला उत्तर

‘ख्रिस्ती माणसानं येशूवर नुसता विश्वास ठेवला की काम झालं, मग तो कसाही वागो. मुसलमानाचा मात्र सगळा पाप-पुण्याचा हिशेब, तिथं दयामाया नाही. येशूशी मुसलमानांचं काही देणंघेणं नाही. आणि दोघांच्याही मते उरलेलं जग थेट नरकात.’ अशा चार वाक्यांचा एक फॉरवर्ड फिरतोय. तारणाबद्दल, म्हणजे पापातून सुटून देवाजवळ पोचण्याबद्दल, या दोन धर्मांत फरक आहे आणि तो मोठा आहे, पण या चार वाक्यांत तो कुठंच सापडत नाही.

पहिलं वाक्य अगदीच निराधार आहे असं नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) येशूच्या शेजारी क्रुसावर टांगलेला एक गुन्हेगार ‘माझी आठवण ठेवा’ एवढंच म्हणतो आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं आश्वासन मिळतं. ना बाप्तिस्मा, ना दानधर्म, सुधारायला वेळही नाही. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौलही इफिस शहरातल्या मंडळीला लिहितो की तुमचं तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालंय, कर्मांनी नाही; कुणी बढाई मारू नये. फॉरवर्ड लिहिणारा इथंच थांबतो. पुढच्याच ओळीत पौल म्हणतो की आपल्याला घडवलंय ते सत्कृत्यांसाठी. ‘कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का?’ हा खवचट प्रश्न तर रोमकरांच्या पत्रात त्यानं स्वतःच विचारून उडवून लावलाय. आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा माणसं वेगळी करतो ती कशावरून? भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, यावरून.

ही ओढाताण ख्रिस्ती लोकांना ठाऊक नव्हती असंही नाही. माणूस नुसत्या विश्वासानं नव्हे तर कृतींनीही नीतिमान ठरतो, असं बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात स्वच्छ लिहिलंय. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरला ते इतकं खुपलं की १५२२च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्यानं त्याला पेंढ्याचं, म्हणजे हलक्या मोलाचं, पत्र म्हटलं. उलट बाजूनं, ‘कॅथलिक म्हणजे कर्मानं तारण’ हेही खोटं. कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याला कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं १५४७मध्ये पहिल्याच कलमात बहिष्कृत ठरवलंय. १९९९मध्ये ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) या दोघांनी मिळून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचं सार असं: देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनंच, आपल्या लायकीमुळे नाही, आणि तीच कृपा सत्कृत्यांचं बळ देते.

आता दुसरं वाक्य. कर्मं तोलणारा तराजू कुराणात आहेच. मोहरीच्या दाण्याएवढं कर्मही पुढं आणलं जाईल, असं एकविसाव्या सूरेत (अध्यायात) म्हटलंय. पण पैगंबरांच्या वचनांचे जे बुखारी आणि मुस्लिम या नावांचे दोन संग्रह आहेत, त्या दोन्हींतली एक हदीस (वचन) सांगते की पैगंबर म्हणाले, कुणालाही त्याचं कर्म जन्नतमध्ये नेणार नाही. लोकांनी विचारलं, ‘तुम्हालाही नाही?’ ‘मलाही नाही, अल्लाहनं आपल्या दयेत घेतलं तरच.’

याच संग्रहांतली एक गोष्ट मला फार आवडते. नव्याण्णव खून केलेला एक माणूस एका साधूला विचारतो, मला तौबा (पश्चात्ताप) करता येईल का? साधू म्हणतो, नाही. तो त्यालाही मारून शंभर पुरे करतो. मग एक जाणता भेटतो. तो म्हणतो, तुझ्या तौबेच्या आड कोण येणार? अमुक गावी चांगली माणसं राहतात, तिकडं जा. माणूस निघतो आणि वाटेतच मरतो. दयेचे फरिश्ते (देवदूत) आणि शिक्षेचे फरिश्ते भांडू लागतात. अंतर मोजायचं ठरतं. तेव्हा अल्लाह चांगल्या गावाकडच्या जमिनीला जवळ यायला सांगतो, दुसरीला लांब सरकायला. माणूस वीतभरानं चांगल्या गावाजवळ निघतो. मोजमाप झालं खरं, पण मोजण्याआधी जमीनच हलवली होती. याला कोरडा हिशेब म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

तिसरं वाक्य सर्वांत चुकीचं, आणि खरा फरक नेमका तिथंच लपलाय. कुराणात ईसा, म्हणजे येशू, मसीहा आहे, कुमारी मरियमचा मुलगा आहे, तिच्या नावाची सूराही आहे. कयामतीच्या आधी तो परत येणार यावरही बहुतेक मुसलमानांचा विश्वास आहे. मात्र तो देव नाही, देवाचा पुत्र नाही, आणि चौथ्या सूरेनुसार शत्रूंनी त्याला क्रुसावर मारलंच नाही. म्हणजे ख्रिस्ती तारण ज्या घटनेवर उभं आहे, तीच इथं नाही. तिची गरजही नाही. आदम चुकला, त्यानं माफी मागितली, अल्लाहनं ती दिली, प्रकरण मिटलं. कुणीही दुसऱ्याचं ओझं उचलत नाही, असं कुराण बजावतं. ख्रिस्ती श्रद्धेचा कणा मात्र हाच, की एकानं सगळ्यांचं ओझं उचललं. ‘रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही’ असं बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. कुर्बानीच्या जनावरांबद्दल कुराण म्हणतं, त्यांचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची धर्मनिष्ठा. दया दोघांकडे आहे. तिच्यासाठी देवाला स्वतः किंमत मोजावी लागली का, यावर दोघांच्या वाटा फुटतात.

राहिलं चौथं. कडक मतं दोन्हीकडे आहेत, ती झाकण्यात अर्थ नाही. १४४२मध्ये कॅथलिक चर्चच्या फ्लॉरेन्स इथल्या परिषदेनं चर्चबाहेरच्यांना सरसकट अग्नीत पाठवलं होतं. पण १९६४मध्ये त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मुसलमानांचा नावानिशी उल्लेख करून म्हटलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. अनेक इव्हँजेलिकल (वैयक्तिक श्रद्धेवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांना हे आजही मान्य नाही. इस्लाममध्ये अनेकेश्वरवाद धरून तौबेविना मरणाऱ्याला क्षमा नाही, हे खरं. तरी ११११मध्ये वारलेल्या गझाली या मुसलमान धर्मपंडितानं लिहिलंय, की ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचं नावच गेलं नाही ते सुटतील, आणि ज्यांनी लहानपणापासून त्यांच्याबद्दल फक्त खोटंनाटं ऐकलं तेही. त्याच्या काळातले बहुतेक रूमी (बायझंटाइन) ख्रिस्ती आणि तोवर मुसलमान न झालेले तुर्क त्यानं यातच धरले.