केवळ स्वस्ताईसाठी थायलंडच्या खेड्यात राहायला येऊ नका

थायलंडच्या खेड्यात निवृत्तीनंतरचे आयुष्य किती थोड्या पैशांत निघते, हे सांगणारे व्हिडिओ पाहून आपल्याकडची पन्नाशी-साठीतली मंडळी मला चौकशीचे निरोप पाठवतात. त्या निरोपांत पहिला प्रश्न बहुतेक वेळा महिन्याच्या खर्चाचा असतो. मी मूळचा इचलकरंजीचा. नोकरीची बरीच वर्षे मध्य थायलंडमधल्या एका सूतगिरणीत काढली आणि निवृत्त झाल्यावर पत्नीच्या माहेरी, ईशान्येकडच्या रॉय-एत प्रांतातल्या एका खेड्यात, स्थायिक झालो. इथे राहून माझे मत पक्के झाले आहे की निव्वळ स्वस्ताई पाहून इथे येणे येणाऱ्याच्या हिताचे नाही, आणि तो ज्यांच्या शेजारी येऊन राहतो त्यांच्याही हिताचे नाही.

आधी शेजाऱ्यांविषयी लिहितो. थायलंडच्या या ईशान्य भागाला इसान म्हणतात. आमच्या बाजूला तुंग कुला रोंगहाय नावाचे विस्तीर्ण, रेताड आणि जागोजागी खारवट जमिनीचे मैदान आहे. तिथल्या सुवासिक जास्मिन तांदळाला २०१३ साली युरोपीय संघानेही भौगोलिक मानांकन दिले. जगभर चढ्या भावाने विकला जाणारा हा तांदूळ पिकवणारे शेतकरी मात्र पावसाच्या पाण्यावर वर्षाला एकच पीक घेतात. जून-जुलैत पेरलेले भात नोव्हेंबरमध्ये कापणीला येते, आणि खते, डिझेल व कापणीयंत्राचे भाडे वजा करून जे उरते त्यातून कृषी बँकेचा हप्ता फेडायचा असतो. सुवासिक तांदूळ विक्रीसाठी असतो. घरात रोज शिजतो तो चिकट तांदूळ, आणि त्यासाठी प्रत्येक कुटुंब जमिनीचा एक तुकडा वेगळा राखून ठेवते.

एवढ्या शेतीवर घर चालत नाही, म्हणून हाताशी आलेली पिढी बँकॉक, चोनबुरी आणि रायोंगच्या कारखान्यांत, किंवा त्याही पुढे तैवान आणि कोरियात मजुरीला गेलेली आहे. गावात उरतात आजी-आजोबा आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. कोकणातली मुंबईकर चाकरमान्यांची गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, आमच्या गावात लोटणारी गर्दी आणि आठवड्याभराने पुन्हा ओस पडणारी अंगणे वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीत. सरकारचा वृद्धत्व भत्ता साठी ओलांडलेल्याला महिना ६०० बाथ असून तो वयाप्रमाणे वाढत जाऊन नव्वदीनंतर १,००० होतो. एका बाथचे अडीच ते तीन रुपये धरले तर ही रक्कम किती तोकडी आहे ते कळेल. शेजारची आजी या भत्त्यावर आणि मुलीने पाठवलेल्या पैशांवर दोन नातवंडांचे शिक्षण चालवते. माझी भाजी स्वस्त आहे, घराची डागडुजी स्वस्तात होते, याचे मूळ या लोकांच्या तुटपुंज्या उत्पन्नात आहे, आणि म्हणून त्या स्वस्ताईचे कौतुक करण्यात मला काही भूषण वाटत नाही.

मग इथे राहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मी मनापासून देतो. इथे म्हातारपणी माणूस एकटा पडत नाही. पहाटे मुखियाच्या ध्वनिक्षेपकावरून गावाला सूचना दिल्या जातात : कोणाकडे कार्य आहे, लसीकरण कधी आहे, नळाचे पाणी कोणत्या वेळी बंद राहील. त्यानंतर भिक्खू भिक्षेसाठी रस्त्याने येतात आणि बायका दाराशी गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात चिकट भाताचे घास घालतात. थोड्या वेळाने भाजी, मासे, मिठाई अशा पिशव्या चारही बाजूंनी टांगलेली विक्रेत्याची गाडी येते, आणि तिच्याभोवती जमलेल्या घोळक्यात गावाची निम्मी खबरबात कळते. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण ‘जेवलात का’ आणि ‘कुठे निघालात’ हे विचारतोच. हे प्रश्न मला इचलकरंजीतल्या गल्लीपासून ओळखीचे आहेत. एखादा म्हातारा सकाळी दिसला नाही तर दुपारपर्यंत कोणीतरी त्याच्या दाराशी जाऊन येते.

या आपुलकीत शिरायचे तर भाषा यावी लागते, आणि याबाबतीत मला कसलीही सूट मान्य नाही. गावातले बोलणे इसानी आहे, म्हणजे लाओ भाषेच्या जवळचे. सरकारी कार्यालयात आणि दवाखान्यात प्रमाण थाई लागते. मराठी माणसाला स्वरांच्या चढउतारांची सवय करून घ्यायला वेळ लागतो. परंतु थाई लिपी आपल्या लिपीसारखीच क, ख, ग या वर्णक्रमाने चालते, त्यामुळे ती शिकताना आपल्याला इतर परदेशीयांपेक्षा आधार मिळतो. ज्यांनी दहा-दहा वर्षे भाषा न शिकता बायकोच्या दुभाषेपणावर काढली, अशी युरोपीय माणसे मी आसपासच्या गावांत पाहतो. ती दिवसभर घरात बसून असतात, आणि गाव त्यांच्याशी सौजन्याने वागत असले तरी त्यांच्याशी बोलत मात्र नाही.

खाण्यापिण्याचेही स्पष्ट सांगतो. इथल्या पपईच्या सोम तम कोशिंबिरीपासून बांबूच्या कोंबांच्या रश्शापर्यंत सगळ्यांत प्ला रा, म्हणजे आंबवलेल्या माशांचे खारे पाणी, असते. शाकाहारी माणसाने आपल्या स्वयंपाकाची सोय स्वतः करावी हे उत्तम. तूरडाळ आणि हिंग मी बँकॉकच्या फाहुरात बाजारातून आणतो. चिंच, कोथिंबीर, ओला नारळ आणि शेवग्याच्या शेंगा गावातच मिळतात.

आता कायद्याकडे वळतो, कारण व्हिडिओवाले तो घाईघाईने उरकतात. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशीयाला निवृत्त म्हणून राहण्याची मुदत वर्षावर्षाने वाढवून मिळते. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाथ किंवा महिन्याला ६५,००० बाथ उत्पन्न, अथवा दोन्हींचा ठरलेला मेळ दाखवावा लागतो. ती ठेव अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण ठेवावी लागते, आणि एरवीही ४ लाखांखाली जाऊ देता येत नाही. म्हणजे वर्षातले पाच महिने वीस लाखांहून अधिक आणि एरवी दहा लाखांहून अधिक रुपये अडकून राहतात. दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद द्यावी लागते, आणि परवानगीशिवाय मोबदल्याचे काम करता येत नाही. पत्नी थाई असेल तर ४ लाखांच्या ठेवीवर विवाहाच्या आधाराने मुदतवाढ मिळते, पण पत्नी गेली की तो आधारही जातो, म्हणून मी स्वतः निवृत्तीचाच मार्ग धरला आहे. या अटींविषयी माझी तक्रार नाही; आपल्या देशात कोणाला किती काळ राहू द्यावे हे ठरवण्याचा थायलंडला पूर्ण अधिकार आहे. मात्र साठीनंतर वर्षावर्षाच्या परवान्यावर राहणे मनाला झेपते का, हे प्रत्येकाने आधीच तपासायला हवे.

जमिनीची बाब याहून गंभीर आहे. परदेशी व्यक्तीला इथे जमीन विकत घेता येत नाही. जमीन पत्नीच्या नावावर घेताना, पैसा तिचाच आहे असे नवऱ्याला लिहून द्यावे लागते. ती आधी वारली तर वारशाने आलेली जमीन ठरलेल्या मुदतीत थाई व्यक्तीला विकण्याची वेळ येते. भाडेकरार तीस वर्षांपर्यंत होऊ शकतो, किंवा हयातभर उपभोगाचा हक्क जमीन कार्यालयात नोंदवता येतो. आयुष्यभराची पुंजी घरात ओतण्याआधी या दोन मार्गांचा विचार न करणारी माणसे मला फार काळजीत टाकतात.

आरोग्याचा खर्च वयाबरोबर वाढतो आणि स्वस्ताईचा सगळा हिशेब तिथेच मोडतो. थायलंडने २००२ साली कायदा करून ३० बाथमध्ये उपचारांची योजना सर्व नागरिकांपर्यंत नेली, आणि त्याआधीपासूनच खेड्याखेड्यांतून आरोग्य स्वयंसेवक उभे केले, ज्यांची संख्या देशभरात दहा लाखांवर आहे. आमच्या गावातल्या स्वयंसेविका घरोघर जाऊन रक्तदाब मोजतात, डेंगीच्या अळ्यांसाठी पाण्याचे रांजण तपासतात, आणि माझ्याही अंगणात त्या तितक्याच आस्थेने येतात. हे काम मला थायलंडच्या मोठ्या कर्तबगारींपैकी एक वाटते. पण ३० बाथची योजना परदेशी निवृत्तांना लागू नाही, आणि सरकारी रुग्णालयातही त्यांचे दर वेगळे असतात. मी इथे नोकरी केलेली असल्यामुळे सामाजिक सुरक्षा निधीत महिन्याला ५०० बाथहून कमी वर्गणी भरून मला उपचार मिळतात. निवृत्तीनंतर थेट येणाऱ्याला ही सोय नाही. त्याला सत्तरीनंतर खासगी विम्याचा हप्ता परवडेल का, हा त्याच्या संपूर्ण बेताचा पाया आहे.

जानेवारी ते एप्रिल या काळात उसाचे पाचट आणि भाताचे खुंट जाळल्याने हवेत धूर साचतो आणि दम्याच्या रुग्णाला फार त्रास होतो, हेही लक्षात असू द्या. करांच्या बाबतीत, वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहणाऱ्याने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर १ जानेवारी २०२४ पासून इथला कर लागू शकतो. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तो जाणकाराकडून समजून घ्यावा.

गावाने जे दिले त्याची परतफेड पैशाने होत नाही, परंतु काही कर्तव्ये नेमकी आहेत आणि ती मी पाळतो. कोणाकडे मृत्यू झाला तर पैशाचे पाकीट घेऊन जाणे, आणि पाकिटाबरोबरच अंत्यविधी होईपर्यंत रोज संध्याकाळी त्या घरी जाऊन बसणे. वर्षावासानंतर भिक्खूंना चीवरे देण्याच्या कथिन उत्सवात वर्गणीइतकेच श्रमही देणे. मजुराला गावचा दर विचारून घासाघीस न करणे, आणि जमिनीला अवाच्या सवा भाव देऊन शेजाऱ्याच्या मुलाला ती कायमची दुरापास्त न करणे.

शेवटी, जे पती-पत्नी दोघेही महाराष्ट्रातून येऊ इच्छितात त्यांच्यासाठी. मी तुम्हाला खेडे सुचवणार नाही. माझ्यामागे पत्नीचे भाऊ, भाच्या आणि त्यांचे शंभर नातलग आहेत. तुमच्यामागे इथे कोणीही नसेल. दोघांपैकी एकाच्या निवृत्तीच्या परवान्यावर दुसरा अवलंबून राहत असेल, तर पहिला गेल्यावर दुसऱ्याच्या राहण्याचा आधारच संपतो, आणि ते दुःखाच्या ऐन दिवसांत परक्या भाषेतल्या कार्यालयात निस्तरावे लागते. दोघांनीही आपापल्या नावाने स्वतंत्र ठेव ठेवून स्वतंत्र परवाना घ्यावा, मोठे रुग्णालय असलेले खोनकेन किंवा उदोनथानीसारखे शहर निवडावे, आणि धुराचे व कडक उन्हाचे महिने धरून एक संपूर्ण वर्ष भाड्याच्या घरात काढल्याशिवाय पुण्या-मुंबईतले राहते घर विकू नये.